जुन्या घराचा माळा आणि अर्ध्या तासाचं दार

इंग्लंडमधल्या जुन्या दुमजली घराच्या माळ्यावर खोली काढायची ठरली की बोलणी सुरू होतात ती खिडक्यांची, नव्या जिन्याची, वरच्या बाथरूमची. दारांचा विषय निघतो तो बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेचा, इन्स्पेक्टर तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीकडे बोट दाखवून "हे दार बदलावं लागेल" म्हणतो तेव्हा. हॅरो, हाउन्स्लो, स्लाव या भागांत १९३० च्या सुमारास बांधलेली घरं घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न पडतो: काम वर चाललंय, मग खालच्या दाराचा काय संबंध?

संबंध सगळा जिन्याशी आहे. घर दुमजली असेल तोवर वरच्या मजल्यावरचा माणूस आग लागली तर खिडकीतून उतरू शकतो, असं नियम धरून चालतो. पण वरच्या मजल्याची जमीन बाहेरच्या जमिनीपासून ४.५ मीटरपेक्षा उंच गेली की हा मार्ग संपतो. माळ्याची खोली जवळजवळ नेहमीच या रेषेच्या वर असते. मग तिथे झोपलेल्याला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे जिना. बैठकीच्या खोलीतला सोफा पेटला आणि तिचं दार साधं असलं, तर धूर आणि ज्वाळा सरळ जिन्यात शिरतात आणि ती वाट बंद होते. म्हणून माळ्यापासून मुख्य दारापर्यंत जिना आणि पॅसेज मिळून एक संरक्षित बोगदा करायचा, आणि त्यात उघडणारं प्रत्येक दार आग अडवणारं बसवायचं. 'अप्रूव्हड डॉक्युमेंट बी'चा पहिला भाग हेच सांगतो. तो स्वतः कायदा नाही; कायदा म्हणजे २०१० चे बिल्डिंग रेग्युलेशन्स, आणि ते पाळण्याची मान्य पद्धत या दस्तऐवजात दिली आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

कोणती दारं यात येतात? राहत्या खोल्यांची सगळी: बैठक, जेवणाची खोली, शयनगृहं आणि स्वयंपाकघर. माळ्यावरच्या नव्या खोलीचंही. अग्निनियमांच्या व्याख्येत स्वयंपाकघर राहत्या खोलीत धरलं आहे, बाथरूम धरलेलं नाही. बाथरूम आणि शेजारच्या खोलीमधली भिंत आग अडवणारी असेल, तर बाथरूमचं साधं दार बहुतेक इन्स्पेक्टर चालवून घेतात. मात्र हे आधी विचारून ठेवायचं, दारं विकत घेतल्यावर नाही.

आता आकड्यांचा गोंधळ. एकाच कुटुंबाच्या घरात जिन्यालगतच्या दाराने किमान २० मिनिटं आग अडवावी एवढीच अपेक्षा आहे. दुकानात मात्र मिळतं ते एफडी (फायर डोअर) ३०, म्हणजे ३० मिनिटांचं. २० मिनिटांची दारं आता फारशी कोणी बनवत नाही, आणि बनवलं तरी किमतीत फरक पडत नाही. सरळ एफडी ३० घ्यावं. नावापुढे 'एस' असेल तर ते दार थंड धूरही अडवतं, म्हणजे आग भडकण्याआधीचा, फारसा न तापलेला धूर. घराच्या आतल्या दारांना 'एस'ची सक्ती नाही.

ही ३० मिनिटं भट्टीत मोजलेली असतात. चाचणीच्या भट्टीचं तापमान पाचव्या मिनिटाला सुमारे ५७५ अंश सेल्सिअस आणि तिसाव्या मिनिटाला सुमारे ८४० अंश असतं. लाकूड अशा आगीत एका ठरावीक वेगाने कोळसा होत जातं. सॉफ्टवुडसाठी, म्हणजे पाइनसारख्या लाकडासाठी, हा वेग मिनिटाला साधारण ०.६५ मि.मी. धरतात. म्हणजे अर्ध्या तासात २० मि.मी. लाकूड गेलं. एफडी ३० दार ४४ मि.मी. जाड का असतं, हे यावरून कळतं. आणि जुन्या घरातलं सुंदर चार पॅनलचं दार का टिकत नाही, तेही. त्याची उभी लाकडं ४० मि.मी.ची असली तरी मधली पॅनलं जेमतेम ८–१० मि.मी.ची, आणि जिथे ती खाचेत बसतात तिथे त्याहून पातळ केलेली असतात. आग तिथूनच आरपार जाते. हलक्या पोकळ दारांची गोष्ट तर सोडूनच द्या. आत पुठ्ठ्याची जाळी आणि दोन्ही बाजूंना पातळ हार्डबोर्ड, एवढाच त्यांचा ऐवज.

पण जाड दार आणलं म्हणजे काम झालं, या समजुतीनेच सर्वाधिक पैसे वाया जातात. भट्टीत एकटं दार तपासलेलं नसतं. दार, चौकट, बिजागऱ्या, लॅच (दार चौकटीत अडकवणारी खिटी), फटीतली पट्टी आणि चौकटीभोवतीची भरणी हे सगळं मिळून तपासलेलं असतं. यातलं जे सर्वांत कच्चं, तेवढंच दार टिकतं.

सर्वांत आधी फट बघायची. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वर २ ते ४ मि.मी., शक्यतो ३. एक पौंडाचं नाणं २.८ मि.मी. जाड असतं; ते फटीत सहज पण फार खुळखुळ न होता सरकलं तर अंतर बरोबर आहे. खाली, धूर अडवायची अट नसेल तर, साधारण १० मि.मी.पर्यंत चालतं, तरी दाराच्या माहितीपत्रकात दिलेला आकडाच अंतिम. या फटीत चौकटीत किंवा दाराच्या कडेत खाच पाडून इंट्युमेसंट पट्टी बसवतात, एफडी ३० साठी बहुधा १५ × ४ मि.मी.ची. ती साधारण २०० अंशांच्या आसपास फुगते आणि फट बुजवते. फट ७ मि.मी. असेल तर पट्टी फुगूनही ती पुरी भरत नाही, १ मि.मी. असेल तर रंगाचे दोन थर चढल्यावर दार लागेनासं होतं आणि मग कोणीतरी रंधा घेऊन येतं. बिजागरीपाशी किंवा लॅचपाशी पट्टी किती तुटलेली चालते, हेही माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

पट्टीसोबत ब्रश किंवा रबरी पाकळी असलेला प्रकार मिळतो. तो थंड धूरही अडवतो. नियम मागत नसला तरी तोच घ्यावा, असं आमचं मत आहे, कारण माणसं ज्वाळांआधी धुराने गुदमरतात. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात ठेवायचा: खोली चांगली बंद झाली की पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत धूर उशिरा पोहोचतो. म्हणून असे सील लावले तर बैठकीच्या खोलीतही एक अलार्म बसवून तो बाकीच्यांशी जोडून घ्यावा. ब्रशवर रंग लावू नये. रंगाने तो कडक होतो आणि निकामी ठरतो.

खरी झुंज जुन्या चौकटीशी असते. शंभर वर्षांत घर थोडं बसलेलं असतं, चौकटीचा काटकोन गेलेला असतो. सुताराने साधं दार एका बाजूला १५ मि.मी. तासून तिरक्या चौकटीत नीट बसवलं असतं. अग्निदार तसं तासता येत नाही. त्याच्या कडेला आतून घट्ट लाकडाची पट्टी असते आणि ती किती तासायची याची मर्यादा उत्पादकाने घातलेली असते: काही दारांना प्रत्येक कडेला फक्त ३ मि.मी., काहींना थोडं जास्त. त्यापुढे गेलात तर दाराचं अग्निचाचणीचं प्रमाणपत्र गेलं. म्हणून दार मागवण्याआधी प्रत्येक चौकट मोजायची. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची दोन्ही बाजूंना. आणि दोन्ही कर्ण. कर्णांत ५–६ मि.मी.हून जास्त फरक निघाला तर जुन्या चौकटीशी खेळत बसू नये. चौकट काढून ओळंब्यात पुन्हा बसवावी, किंवा दार आणि चौकट एकत्र तपासून आलेला संच, ज्याला इथे डोअरसेट म्हणतात, तो घ्यावा. महाग वाटतो, पण जोडणी आधीच सिद्ध झालेली असते, आणि दोन दिवसांची सुतारकी वाचते.

इथली नेहमीची दारं १९८१ × ७६२ मि.मी.ची, म्हणजे साडेसहा फूट बाय अडीच फूट. १९३० च्या घरात हे माप बऱ्याचदा जुळतं. व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, घरात क्वचितच. तिथे मोठा कोरा एफडी ३० पाट मागवून तो उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे कापून, कडेला पुन्हा घट्ट लाकडाची पट्टी लावून घ्यावा लागतो.

उताराची जमीन हा दुसरा सापळा. जिन्याचा चौक एका बाजूला कललेला असला की दार उघडताना खालून घासतं. मग खालची कड २० मि.मी. उडवली जाते, आणि बंद दाराखाली बोटं जातील एवढी फट राहते. त्याऐवजी उंबऱ्यावर लाकडी पट्टी बसवून ती जागा उचलावी, किंवा दार बंद होताना खाली उतरणारं सील दाराच्या तळात बसवावं. उघडताना दार वर उचलणाऱ्या बिजागऱ्या टाळाव्यात. त्यांच्यासाठी वरची कड तिरकी तासावी लागते, आणि आग सर्वांत जोरात वरच्याच फटीवर येते.

चौकटीवरची जी पट्टी दाराला अडवते ती पूर्वी २५ मि.मी. खोल हवी असायची. इंट्युमेसंट पट्टी असेल तर आता १२ मि.मी.ची चालते. जुनी चौकट किडलेली नसेल, घट्ट असेल आणि दाराच्या माहितीपत्रकातल्या मापात बसत असेल तर ठेवता येते. जुन्या बिजागऱ्यांच्या खाचा मात्र लाकडाचे तुकडे सरस लावून बुजवायच्या, पुटीने नाही.

बिजागऱ्या तीन लागतात. एफडी ३० दाराचं वजन सहज ३५–४० किलो होतं आणि दोन बिजागऱ्यांवर ते वर्षभरात लोंबायला लागतं. लोंबलं की वर एका कोपऱ्यात फट ७ मि.मी., दुसऱ्यात शून्य. बिजागरी अग्निचाचणी झालेली, ग्रेड ११ किंवा १३ ची, स्टीलची घ्यावी. ॲल्युमिनियम आणि जस्ताची ८०० अंशांच्या बरीच आधी वितळते. प्रत्येक भोकात स्क्रू हवा, आणि तो सोबत आलेल्या पूर्ण लांबीचा. माहितीपत्रक मागत असेल तर बिजागरीच्या पात्यामागे आणि लॅचच्या पेटीभोवती १ मि.मी.ची इंट्युमेसंट चकती घालायची. लॅचसाठी पटाशीने पाडलेली खाच पेटीपेक्षा फार मोठी झाली तर दाराच्या मधोमध पोकळी राहते आणि आग तिथून खाते. मांजरासाठी झडप किंवा काचेसाठी भोक घरी पाडायचं नाही. काच हवी असेल तर कारखान्यातून अग्निकाच बसवून आलेलंच दार घ्यावं.

चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा सुतार पिवळ्या फोमने भरून वर पट्टी ठोकतो, आणि ते कायमचं झाकलं जातं. साधा फोम पेटतो. गुलाबी 'फायर फोम'सुद्धा ठरावीक रुंदीच्या आणि खोलीच्या सांध्यासाठीच तपासलेला असतो. मिनरल वूल (न जळणारा खनिज तंतूंचा कापूस) घट्ट भरून दोन्ही बाजूंनी इंट्युमेसंट सीलंट लावणं जास्त भरवशाचं. वरची लाकडी पट्टी ठोकण्याआधी फोटो काढून ठेवावा. इन्स्पेक्टरला दाखवायला तोच पुरावा.

जुनी दारं ठेवायची असतील तर? मार्ग आहे, आणि घर वारसा यादीतलं असेल तर तो चोखाळावाच लागतो, कारण तिथे दार बदलायलाही वेगळी परवानगी लागते आणि ती न घेता बदल करणं हा गुन्हा आहे. दार ऐतिहासिक किंवा वास्तुकलेच्या दृष्टीने मोलाचं असेल तर ते सुधारून वापरणं मान्य होऊ शकतं. पॅनलांवर इंट्युमेसंट कागद चिकटवून वर त्याच प्रणालीचा रंग, किंवा नुसता इंट्युमेसंट रंग किंवा वार्निश अशा पद्धती आहेत. त्या दाराची उभी-आडवी लाकडं पुरेशी जाड आणि सांधे घट्ट असतील तरच लागू पडतात. किमान जाडी प्रत्येक प्रणालीची वेगळी असते. रंगाचा थर किती ग्रॅम किंवा किती मायक्रॉन हवा हे ठरलेलं असतं, डोळ्यांनी ते कळत नाही. म्हणून डब्यांचे फोटो, बॅच क्रमांक, वापरलेलं प्रमाण आणि काम करणाऱ्याचं प्रमाणपत्र जपावं. आणि काम सुरू करण्याआधी त्याच प्रणालीचा चाचणी अहवाल इन्स्पेक्टरला दाखवून लेखी होकार घ्यावा.

जुनं दार घासण्याआधी दोन धोके तपासायचे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासून त्याची धूळ घरभर करू नये, विशेषतः लहान मुलं असतील तर. आणि १९६०–७० च्या दशकांत अग्निदारांमध्ये किंवा दारांवर ठोकलेल्या फलकांमध्ये ॲस्बेस्टॉसचा इन्सुलेटिंग बोर्ड वापरला जाई. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. सपाट, जड, जुनं दार दिसलं तर ड्रिल लावण्याआधी नमुना तपासून घ्यावा.

दारं झाली तरी बोगद्याला इतर भोकं असतात. एडवर्डियन, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, घरांत शयनगृहाच्या दाराच्या वर छोटी काच असते, पॅसेजमध्ये उजेड यावा म्हणून. ती साधी काच काही मिनिटांत तडकते. तिथे अग्निकाच बसवावी किंवा दोन्ही बाजूंनी प्लास्टरबोर्डने ती जागा बंद करावी. जिन्याखालच्या कपाटात विजेचा मीटर आणि जुन्या चपलांचा ढीग असतो. त्या कपाटाला आतून, जिन्याच्या पायऱ्यांच्या खालच्या बाजूलाही, प्लास्टरबोर्ड लावायला इन्स्पेक्टर सांगतात ते उगाच नाही. लाकडी पट्ट्यांवरचा जुना चुन्याचा गिलावा शाबूत असेल तर भिंत चालू शकते. पोकळ वाजत असेल, सुटला असेल तर नाही.

सर्वांत मोठं भोक असतं ते आपण स्वतः पाडलेलं. बैठक आणि स्वयंपाकघर एक करून जिना त्यात मोकळा सोडण्याची हौस आता सगळ्यांनाच आहे. माळ्याची खोली झाली की अशा घरात बाहेर पडायची वाट स्वयंपाकघरातून जाते. मग दोनच मार्ग राहतात. एक, जिना पुन्हा भिंत आणि दार घालून वेगळा करायचा. दुसरा, तळमजल्याच्या मोकळ्या भागात स्प्रिंकलर (आग लागली की आपोआप पाणी फवारणारे नळ) बसवायचे, तळमजला आणि वरचे मजले यांच्यामध्ये आग अडवणारी भिंत व दार घालायचं, वरच्यांना पहिल्या मजल्यावरच्या सुटकेच्या खिडकीपर्यंत पोहोचता येईल अशी सोय करायची, आणि स्वयंपाकाची जागाही आग अडवणाऱ्या बांधकामाने वेगळी करायची. सुटकेची खिडकी म्हणजे किमान ०.३३ चौ.मी. मोकळी जागा, एकही बाजू ४५० मि.मी.पेक्षा कमी नाही, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून ११०० मि.मी.पेक्षा वर नाही.

अलार्म विजेवर चालणारे, बॅटरीचा आधार असलेले आणि एकमेकांशी जोडलेले लागतात: प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये एक, प्रत्येक राहत्या खोलीच्या दारापासून ७.५ मीटरच्या आत, भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान ३०० मि.मी. दूर. स्वयंपाकघरात मात्र धुराचा अलार्म नको, उष्णतेचा हवा. मोहरी तडतडली आणि मिरच्या परतल्या की धुराचा अलार्म बोंबलतो, आणि चार वेळा बोंबलल्यावर घरचे तो काढून कपाटात ठेवतात. देवघर पॅसेजमध्ये असेल तर अलार्मची जागा ठरवताना उदबत्तीचाही विचार करावा.

घराला जोडलेलं गॅरेज असेल तर तिथलं दार वेगळ्या जातीचं: ३० मिनिटांचं, धूर अडवणारं, आणि आपोआप बंद होणारं. शिवाय दाराचा तळ गॅरेजच्या जमिनीपेक्षा किमान १०० मि.मी. वर हवा, किंवा सांडलेलं पेट्रोल दारापासून बाहेरच्या दिशेने वाहील असा उतार हवा. घरातल्या बाकीच्या दारांना आपोआप बंद करणारा क्लोजर लागत नाही. तुमच्या घराचा माळा २००७ च्या आधी केलेला असेल तर जुन्या दारांवर साखळीचे क्लोजर दिसू शकतात. तेव्हाचा नियम तसा होता. खोल्या वेगवेगळ्या भाडेकरूंना द्यायच्या असतील तर मात्र हे सगळं बदलतं. तिथे क्लोजर लागतात आणि काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, परवान्याच्या अटी वेगळ्या असतात. फ्लॅटचं मुख्य दारही वेगळं प्रकरण आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली, आणि त्या इमारतीतल्या फ्लॅटच्या एका दाराची चाचणी केली तेव्हा ३० मिनिटांचं म्हणून बसवलेलं ते दार साधारण १५ मिनिटांतच निकामी झालं. २३ जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामायिक अग्निदारं दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची दारं वर्षातून एकदा तपासण्याची जबाबदारी इमारतीच्या व्यवस्थापनावर आहे. अशा फ्लॅटचं मुख्य दार आवडीचं म्हणून परस्पर बदलू नये.

माळा आधीच असलेलं घर घेतलं असेल तर एक गोष्ट सहज विसरली जाते. नवीन काम करताना घर आधीपेक्षा कमी सुरक्षित करता येत नाही. म्हणजे पूर्वीच्या मालकाने बसवलेली जड, कंटाळवाणी दारं काढून काचेची सुबक दारं लावली तर नियमभंग होतो. दाराच्या वरच्या कडेला लेबल किंवा कडेत रंगीत प्लॅस्टिकचं बूच आहे का ते आधी बघा. ते प्रमाणपत्राचं चिन्ह आहे. त्यावर रंग मारू नका, तासू नका. आणि विक्रेता "लॉफ्ट रूम" म्हणतो पण "बेडरूम" म्हणत नाही, तेव्हा काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर काउन्सिलकडून नंतर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र घेता येतं, पण तेव्हा भिंती आणि चौकटी उघडून दाखवायला लागू शकतात. हा खर्च घराच्या किमतीतच ठरवून घ्यावा.

दारं बसल्यावर पहिल्या हिवाळ्यानंतर नाणं घेऊन पुन्हा एक फेरी मारा. हीटिंग सुरू झालं की लाकूड आकसतं, जुनं घर थोडं हलतं, आणि ऑगस्टमध्ये नीट लागणारं दार फेब्रुवारीत लॅच पकडत नाही. तेव्हा बिजागरीचे स्क्रू आवळा, लॅचची पट्टी सरकवा. उन्हाळ्यात दार घट्ट बसतं म्हणून लगेच रंधा मारू नका. थंडीत तीच फट ५ मि.मी. होते. आणि क्लोजर नसल्यामुळे रात्री झोपण्याआधी बैठकीचं आणि स्वयंपाकघराचं दार हाताने ओढून लॅच लागल्याचा आवाज ऐका, खाली चार्जरला लावलेला फोन असेल तर विशेषच.